हसण्यावरून घरच्यांनी माणसाचा स्वभाव किती ओळखावा?

विश्रामबागकर (सांगली)

माझ्या धाकट्या बहिणीसाठी साताऱ्याचे एक स्थळ आले आहे. मुलगा शिकलेला आहे, घरची माणसे मोकळी आहेत आणि पत्रिकेचाही प्रश्न नाही. कांदेपोह्यांच्या वेळी मात्र तो दोन-तीनदा सगळ्या घराला ऐकू जाईल असा सातमजली हसला आणि तेवढ्यावरून आमच्या आत्याने नापसंती कळवली. असा हसणारा माणूस उथळ असतो आणि अडचणीच्या वेळी हात वर करतो, असे तिचे ठाम मत आहे.

तिचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही, कारण तिची ही पारख आम्ही घरातच अनुभवली आहे. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजी होते. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत ते थकून येत, तरी आम्हा मुलांशी गप्पा मारत आणि हसतही. परंतु ज्या दिवशी दुकानात काही बिनसलेले असे, त्या दिवशी त्यांचे हसणे अर्ध्यावरच तुटे आणि ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागत. आम्हाला त्यात वेगळे काही जाणवत नसे. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत असे, तिला चेहरा दिसतही नसे, तरी तेवढ्या आवाजावरून ती ओळखत असे आणि जेवणे उरकल्यावर वडिलांना बाजूला घेऊन विचारत असे. भावाच्या बाबतीत जी पारख इतकी खरी ठरली, ती तासाभराच्या भेटीत परक्या मुलाच्या बाबतीतही खरी मानावी का?

कृष्णाकाठ (सांगली)

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम करतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात नाटक उभे केले, त्या गावात हसण्याचा विचार नाटकाच्या अंगाने होणे स्वाभाविक आहे. आपल्या आत्यांचे मत त्यांच्या एकट्यांचे नाही, त्याची परंपरा फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यम पात्रांचे, तर अपहसित आणि अतिहसित अधम पात्रांचे मानले आहे. स्मितात दातही दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येते, आवाज कर्कश होतो आणि हातांनी बरगड्या धराव्या लागतात. मोठ्याने हसणारा तो हलका, हा समज आपल्या घरांत अजून टिकून आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच कडकपणे लावला जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

ही विभागणी पात्र रंगवणाऱ्या नटासाठी आहे, माणूस पारखणाऱ्यासाठी नाही. तालमीत आम्हाला सर्वांत अवघड जाते ते खोटे हसणे. नवखा नट घशातून आवाज काढतो, पण पोट हलत नाही आणि हसून झाल्यावर श्वास घ्यायला तो थांबत नाही. खरे हसू माणसाचा श्वास संपवते. त्या मुलाचे हसणे मोठे होते की लहान, यापेक्षा ते आतून आले होते का, एवढेच मी पाहीन.

यवतेश्वर (सातारा)

मी मानसशास्त्र शिकवतो. खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, असे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये मांडले; मात्र काही माणसांना तो स्नायूही ठरवून हलवता येतो, असे पुढे दिसून आले आहे, त्यामुळे हीही कसोटी निर्णायक नाही. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या रोजच्या गप्पांचे निरीक्षण केले, तेव्हा बहुतेक हसणे विनोदानंतर नव्हे, तर ‘बरं, येतो मग’ अशा साध्या बोलण्यानंतर येते आणि माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट अधिक हसतो, असे त्याला आढळले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. दोन माणसे एकत्र हसत असल्याचे जेमतेम एका सेकंदाचे ध्वनिमुद्रण २४ समाजांतील ९६६ लोकांना ऐकवले आणि ती दोघे मित्र आहेत की अनोळखी, असे विचारले. सुमारे ६१ टक्के उत्तरे बरोबर आली. म्हणजे एवढ्याशा आवाजातूनही नाते थोडेफार कळते. स्वभाव कळतो, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. परक्या घरी, दहा जोडी डोळ्यांसमोर बसलेला मुलगा दडपणामुळेही मोठ्याने हसू शकतो. आत्यांना भावाच्या हसण्यातला फरक कळत होता, कारण त्याचे नेहमीचे हसणे त्यांच्या कानांत मुरलेले होते. या मुलाचे नेहमीचे हसणे त्यांनी ऐकलेलेच नाही.

मिरजेची आजी

यवतेश्वर यांचे शेवटचे वाक्य मला पूर्ण पटले. माझ्या यजमानांना कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, आजार होता. त्या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि हसू उमटत नाही. येणारे-जाणारे म्हणत, हे अलीकडे कुढे झाले आहेत. पण नातू काही बोलला की त्यांचे खांदे किंचित हलत. ते हसत आहेत हे मला समजे, कारण तरुणपणीही हसताना त्यांचे खांदे आधी हलत. ही ओळख सहवासानेच येते.

तरी पहिल्या भेटीत काहीच कळत नाही, असे मी म्हणणार नाही. माणूस कशावर हसतो, ते पाहावे. कुणाच्या हातून चहा सांडला, कुणी बोलताना अडखळले, तेव्हा तो हसला का, आणि हसला तर त्या माणसाला हसण्यात सामील करून घेतले का, यावरून मी माझ्या दोन्ही जावयांना पारखले आहे.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे मी आत्याला वाचून दाखवले. नाट्यशास्त्राचा भाग तिला आवडला, आजींचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. बहिणीचे म्हणणे असे, की वडीलधारी मंडळी बोलत असताना तो वाक्य पूर्ण होण्याआधीच हसत होता. गच्चीवर दोघे बोलायला गेली तेव्हा मात्र तो फारसा हसला नाही आणि तिच्या नोकरीविषयी नीट चौकशी करत राहिला. हे ऐकून आत्याने नकार मागे घेतलेला नाही, पण थांबवून ठेवला आहे. येत्या रविवारी त्यांच्या घरी जेवायला जायचे ठरले आहे आणि तीही आमच्याबरोबर साताऱ्याला येणार आहे.