चार-पाच वर्षांच्या पोराला 'मनाची' गोळी: घाई होतेय का?

सुरंगी (धागाकर्ती)
कुडाळजवळच्या गावात बालवाडी चालवते. यंदा एका साडेचार वर्षांच्या मुलाचे आईवडील शहरातल्या दवाखान्यातून परत आले ते चिठ्ठी घेऊनच. निदान एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं. औषध मिथाइलफेनिडेट. मी विचारलं, "डॉक्टरांनी शाळेचं काही विचारलं का?" नाही. घरी कोण सांभाळतं, झोपतो किती, ऐकू नीट येतं का? तेही नाही.

माझं मत सरळ आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला गोळी ही पहिली पायरी असू नये. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण, त्याने भागलं नाही आणि त्रास मोठा असला तरच मिथाइलफेनिडेट. तिथल्या औषध नियामकाची मंजुरीही सहा वर्षांपासून पुढेच आहे. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर तिकडे मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००६ साली आले. गोळी लागू पडली, पण मोठ्या मुलांइतकी नाही. दुष्परिणामांमुळे साधारण ११ टक्के मुलांची गोळी बंद करावी लागली, उंची-वजनाची वाढही अपेक्षेपेक्षा कमी भरली. आणि त्या अभ्यासातसुद्धा गोळीआधी पालकांची दहा सत्रं होती!

आपल्याकडे वीस मिनिटांत चिठ्ठी. तुम्हाला काय वाटतं?

तिरफळ
सुरंगीताई, तुमच्या वर्गात तो तीन तास असतो. उरलेला दिवस आईकडे.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना विहिरीच्या कठड्यावर चालायचा. हाक मारली की हसायचा आणि पुढे जायचा. दोनदा हायवेवर धावला. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, दृष्टी काढून झाल्या. शेजारणी म्हणायच्या आईचा वचक नाही. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. प्रशिक्षण घ्यायचं ते कोणाकडे, सांगा ना! अख्ख्या तालुक्यात मुलांचा समुपदेशक नाही.

सहाव्या वर्षी गोळी सुरू केली. सकाळी दोन घावन पोटात गेले की मगच देते, कारण नंतर भूक मरते. दुपारी पेजेला तोंड लावत नाही, मीही मागे लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर मात्र माशाची आमटी-भात दोनदा मागतो. दर वेळी डॉक्टर वजन, उंची, नाडी बघतात. पहिल्यांदा वहीचं एक पान पुरं लिहिलं तेव्हा ते मी फाडून ठेवलं.

आणि अभ्यासच काढायचे तर १९९९चाही काढा. ५७९ मुलं, चौदा महिने. नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांची चंचलता नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा जास्त कमी झाली.

सुरंगी
तिरफळताई, तो अभ्यास सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा. मी साडेचारबद्दल बोलतेय. आणि त्याच मुलांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा गटागटांतला फरक उरला नव्हता, तेही लिहा की.

तुमच्या मुलाचं सहाव्या वर्षी, वजन-नाडी बघत चाललंय. त्याला माझा विरोध नाहीच.

काजूगर
पोरग्यान दंगो करूचो नाय तर काय म्हाताऱ्यान करूचो? आमच्या वेळाक असली नावां नव्हती. हातातलो मोबाईल काढून घेवा, खळ्यात सोडा.

तिरफळ
काका, तुमच्या वेळी अशी पोरं चौथीत शाळा सोडून होडीवर जायची. ती कुठे मोजली गेली नाहीत इतकंच.

खाडीकाठ
काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. प्राथमिक शिक्षक आहे. वर्गात सगळ्यात जास्त 'चंचल' कोण, तर वयाने सगळ्यात लहान. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या मुलांची आकडेवारी २०१२ साली आली. तिथे शाळाप्रवेशाचं वर्ष डिसेंबरअखेर कापतात. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीवाल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त आणि औषध ४१ टक्के जास्त! म्हणजे पोर फक्त अकरा महिन्यांनी लहान होतं. आपल्याकडे तर पहिलीत लवकर बसवायची चढाओढ असते, वर 'हा बसतच नाही' ही तक्रार.

निदानासाठी लक्षणं सहा महिने आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. शाळेला न विचारता निदान कसं होतं, हा सुरंगीताईंचा प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

होडीवाला
मेडिकल स्टोअर चालवतो. तुम्ही सगळे ज्या गोळीवरून भांडताय ती आमच्या तालुक्यात सहजी मिळतच नाही. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. त्याला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची असते. एवढी कटकट लहान दुकानदार करत नाही.

मग काय होतं? जे सहज मिळतं ते लिहिलं जातं. रिस्पेरिडोन, क्लोनिडिन. माझ्या काउंटरवर चिंता वाटते ती या चिठ्ठ्यांची. क्लोनिडिन मुळात रक्तदाबाचं औषध. रिस्पेरिडोन मुळात सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ पासून पाच वर्षांवरच्या मुलांना मान्यता आहे, आणि त्या त्रासावर त्याचा उपयोगही होतो. पण 'फार मस्ती करतो' एवढ्यासाठी? पोरं गप्प होतात आणि भराभर वजन वाढतं. आई खूश, कारण पोर जेवतंय! रिफिलला येतात तेव्हा शेवटचं वजन कधी केलं विचारलं तर बऱ्याचदा उत्तर नसतं.

सुरंगी
हे मला माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत. म्हणजे कडक नियम ज्या औषधाला आहेत त्याचा अभ्यास भरपूर, आणि सैल हाताने जातं ते दुसरंच.

तिरफळताई, प्रशिक्षण कोण देणार या प्रश्नाला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३ पासूनची) गाडी अंगणवाडीत येते तेव्हा विकासातल्या अडचणीही तपासायच्या असतात. तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

तिरफळ
दोडामार्गाहून ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, दर आठवड्याला कोण जाणार? एक दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षा बांबोळीचं सरकारी इस्पितळ जवळ, म्हणून आमच्याकडचे अर्धे लोक गोव्यालाच जातात. सत्रं फोनवर झाली तर मीही बसेन. पण तोवर गोळी थांबवा म्हणाल तर नाही थांबवणार.

अबोली२
पहिल्यांदाच लिहितेय. भाच्याला रात्री अर्धी क्लोनिडिन चार महिने चालू आहे, पाच वर्षांचा आहे. हे सगळं वाचून घाबरले. बहिणीला सांगते, आजपासून बंद.

होडीवाला
अबोलीताई, आज नको! क्लोनिडिन एकदम तोडलं तर रक्तदाब उसळून वर जाऊ शकतो. ते पायरीपायरीने कमी करतात, आणि ते ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारून. आजची अर्धी द्या. सकाळी बहिणीला डॉक्टरांना फोन करायला सांगा.

सुरंगी
होडीवाल्यांना दुजोरा. अबोली, फोन करताना दोन गोष्टी विचारा: औषध नक्की कशासाठी आहे, आणि रक्तदाब शेवटचा कधी मोजला. उत्तर इथे लिहिलंत तर बरं.