श्रावणासाठी शेंदेलोण आणि खारीक कुठून घेताय? (ठाणे-वाशी)

नौपाडा_सूनबाई:
श्रावण तोंडावर आलाय आणि घरातलं शेंदेलोण संपलंय. जांभळी नाक्याला नेहमीच्या दुकानात गेले तर म्हणे जुना स्टॉक आहे तेवढाच, नवीन येत नाहीये, आणि भाव ऐकून तशीच परत आले. सासूबाईंना उपवासाला साधं मीठ चालत नाही आणि यंदा 'पाकिस्तानचं'ही चालत नाही! दोन्ही एकदम कसं जमवायचं? शिवाय धाकट्या जावेचं बाळंतपण आहे, डिंकाच्या लाडवांना खारीक लागणार दोनेक किलो. खात्रीचं कुठे मिळेल सांगा प्लीज. राजकारण नको.

घोडबंदर_जॅम:
राजकारण नको म्हणताय पण मीठच त्यात पडलंय 😄 आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज बहिष्काराचे फॉरवर्ड, आणि त्याच ग्रुपवर काल एकजण विचारत होता गुलाबी मीठ स्वस्तात कुठे मिळेल.

उरणवाला:
मी न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे म्हणून सांगतो. पुलवामानंतर 2019 च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या मालावर 200 टक्के आयात ड्युटी लागली, तरी ड्युटी भरून का होईना माल आणता यायचा, पण पहलगामनंतर 2 मे 2025 पासून तेही बंद, थेट नाही आणि तिसऱ्या देशातून फिरवूनही नाही. आता गंमत बघा, खारीक कागदावर दुबईची असते आणि निघते कराचीहून आलेली. जून 2025 मध्ये डीआरआयने (तस्करी पकडणारं केंद्राचं महसूल गुप्तचर खातं) असे 39 कंटेनर धरले, 1,115 टन माल, किंमत 9 कोटींच्या आसपास, त्यात खारीक होती. म्हणजे दुकानदार 'दुबईची आहे ताई' म्हणाला तर तो थाप मारतोय असंच नाही, त्याच्या बिलावरही तेच असतं. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे सुटी घेऊ नका, पॅकबंद घ्या आणि पाकीट उलटं करून बघा. बाहेरचा माल असेल तर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो. बरेच लोक खाली पॅकिंगचा तुर्भ्याचा पत्ता वाचतात आणि स्वदेशी समजून घेऊन जातात, तसं करू नका.

वाशी_सेक्टर_नऊ:
खारकेसाठी एपीएमसीच्या मसाला मार्केटला या, काही गाळेवाले किलो-दोन किलोही देतात. अख्खी घ्या, बिया घरी काढा, पावडरीत काय दळलंय ते देवालाच माहीत. लाडवांत अंजीर घालणार असाल तर भावाची तयारी ठेवा. माल अफगाणिस्तानचा, पण ट्रक पाकिस्तानातून अटारीच्या सीमेवरून यायचे ना, 2025 च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली. भांडण दोघांचं आणि अंजीर तिसऱ्याचं.

चरईच्या_काकू:
अगं, गुलाबी शेंदेलोण म्हणजे खेवड्याच्या खाणीतलं, ती तिकडच्या पंजाबात. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ निघतं, पण थोडंच, त्यामुळे ऑनलाइन शोधावं लागेल. अर्धा किलो मागव, चातुर्मास निघेल. आणि घरात कोणाला थायरॉईड असेल तर रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनचंच राहू दे, हे उपवासापुरतं. आमच्याकडे खिचडीत साधंच मीठ पडतं, महादेवाने अजून तक्रार केलेली नाही 🙏

देशप्रथम_ठाणे:
एवढा विचार कशाला, खाऊच नका. अळणी खा महिनाभर.

घोडबंदर_जॅम:
तुम्ही करा आधी, मग भगर कशी लागली ते इथे लिहा.

नौपाडा_सूनबाई:
काकू, मंडीचं चालेल म्हणाल्या सासूबाई, उलट खूश झाल्या. खारकेला शनिवारी वाशी. पण ह्यांचं म्हणणं, मंडीचं येईपर्यंत नाक्यावरचं जुनं पावशेर आणूया, पहिला सोमवार जवळ आलाय. आणू का?

चरईच्या_काकू:
आण की. खरंच बंदीच्या आधीचं असेल तर त्याचे पैसे कधीच तिकडे पोचलेत, तू न घेतल्याने ते काही परत येणार नाहीत, नुकसान नाक्यावरच्या दुकानदाराचंच. फक्त पाकिटावरची तारीख बघ, आणि सुटं देत असेल तर भावात घासाघीस कर, जुन्या मालाला नवा भाव कशाला?