म्युझियममध्ये वाट कोणी ठरवायची, आपण की इमारतीनं?

दादरकर
गेल्या महिन्यात आईला घेऊन मुंबईतल्याच एका जुन्या संग्रहालयात गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही. आत शिरलो तर डावीकडे दालन, उजवीकडे दालन, समोर जिना. आई जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "आता कुठं रे?" तळमजल्यावरच दीड तास गेला, तिचे गुडघे बोलायला लागले आणि ज्या चित्रांसाठी गेलो होतो ती वरच राहिली.

माझं स्पष्ट मत आहे की वाट इमारतीनं दाखवली पाहिजे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयात (१९५९) वास्तुकार फ्रँक लॉइड राइटनं योजलं होतं की लिफ्टनं थेट वर जायचं आणि गोल उतारावरून बघत बघत खाली यायचं. काही सुटत नाही, चढावंही लागत नाही. आपल्या देवळात प्रदक्षिणेसाठी पाटी लावावी लागते का? गाभाऱ्याभोवतीची वाटच माणसाला फिरवून आणते.

भायखळाकर
दादा, आईंचा त्रास समजला, पण उपाय पटला नाही. प्रदक्षिणेत मधे देव एकच असतो. इथं हजारो वस्तू आणि प्रत्येकाचं मन वेगळीकडे अडकतं. त्याच गुगेनहाइमविरुद्ध १९५६ साली, इमारत उघडण्याआधीच, एकवीस चित्रकारांनी पत्र लिहिलं होतं. तिरकी जमीन आणि वक्र भिंत, त्यावर चित्र सरळ दिसणार कसं?

राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा, १८७२ चं. एकच लांब दालन, ओतीव लोखंडाचे खांब आणि वर सभोवार सज्जा. सज्जातून खालचं आणि समोरचं सगळं एका नजरेत येतं. माझी मुलगी मातीच्या छोट्या पगडीवाल्या माणसांकडे तीनदा परत गेली. कठड्यावरून बोट दाखवायची आणि पळायची. तुमच्या एकेरी वाटेवर मागे फिरणारं पोर गर्दीच्या आड आलं असतं.

काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही तीच खुबी आहे. वास्तुकार जॉर्ज विटेटनं घुमटाखालचं दालन मधोमध ठेवलं आणि बाकीची दालनं त्याभोवती. चुकलात तर मधे या, वर घुमट दिसला की आपण कुठं आहोत ते कळतं.

शाळेतली बाई
मोकळीक घरच्या चौघांना ठीक. मी साठ मुलं नेते. एकदा तीन दारांतून मुलं तीन दिशांना गेली, परत मोजेपर्यंत माझ्या पोटात गोळा.

आणि आपण मोकळे फिरतो हेही फारसं खरं नाही. आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या संग्रहालयात केलेली निरीक्षणं १९३५ मध्ये मांडली. बहुतेक लोक दारातून आत आले की उजवीकडे वळतात आणि बाहेरचं दार दिसलं की त्याच्याकडे ओढले जातात, मधल्या वस्तू तशाच राहतात. दार कुठं काढायचं ते इमारत बांधणारा ठरवतो. मग त्यानं विचार करूनच ठरवावं.

माधवी
बाईंशी सहमत. पण एकेरी वाट म्हणजे सोपी वाट नव्हे. मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय विटेटच्याच १९११ च्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे. अर्धगोल मजले एकावर एक, शेवटी घुमटाखालचं दालन. क्रम सुंदर आहे, पण तो चढाचा आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमननं 'म्युझियम फटीग'वर, म्हणजे संग्रहालय बघताना येणाऱ्या थकव्यावर, १९१६ मध्येच लिहिलं होतं. कपाटातलं बघायला वाकणाऱ्या, उकिडव्या बसणाऱ्या माणसाचे फोटोच काढले होते त्यानं. वाटेवर दर दालनात पाठ टेकता येईल असं बाक हवं. त्याशिवाय कुठलीही वाट कामाची नाही.

दादरकर
माधवीताई, बाकाचं शंभर टक्के. भायखळाकर, सज्जाचा मुद्दाही मान्य, समोरचं दिसलं की माणूस आपणहून तिकडे जातो. पण तो सज्जा मुळात बांधला म्हणून दिसतं ना? म्हणजे वाट इमारतीनंच दाखवली.

भायखळाकर
दाखवली, पण ढकललं नाही. आईंना पुढच्या वेळी आधी विचारा, काय बघायचंय.

दादरकर
विचारलं. म्हणाली, आधी वरची चित्रं, गुडघे धड आहेत तोवर.