‘स्पित’: घर की झोप?

चिंचगूळ: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की युक्रेनमधल्या मारिउपोलच्या ग्रीकांची रुमेइका बोली ‘निम्मी रशियनच’, कारण सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत, दोन्हींचे शब्द हुबेहूब दिसतात. पुरावा ‘स्पित’! अहो, रुमेइकात ते घर. ग्रीक ‘स्पीती’तला शेवटचा इकार गळला, उत्तरेकडच्या ग्रीक बोलींत तो गळतोच. रशियन ‘स्पित’ म्हणजे झोपतो किंवा झोपते. घराचा आणि झोपेचा संबंध आमच्याकडे फक्त रविवारी दुपारी येतो.

शेवटचा_बाक: ‘कुणीतरी’ नाही, मी. १७७८ मध्ये क्रिमिया सोडून हे लोक अझोव समुद्राच्या काठी आले. एवढी वर्षं रशियनच्या सावलीत काढून काही उसनं घेतलं नसेल?

चिंचगूळ: घेतलंय की, ढिगाने. पण उसना शब्द अर्थासकट येतो! आणि लिपीचं कौतुक नको. गेओर्गी कोस्तोप्राव रुमेइकात कविता लिहायचा त्या ग्रीक अक्षरांत. स्टालिनच्या १९३७-३८ च्या धरपकडीत ग्रीक शाळा बंद पडल्या, कवीला गोळी घातली. सिरिलिक नंतरची.

उंबरठा: एका लिपीचे हे भोग आपल्यालाही आहेतच. माझ्या हिंदी साहेबांनी कौतुकाच्या पत्रात लिहिलं, ‘आपकी चेष्टा सराहनीय है’. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

मिरगाचा_किडा: उत्तरेत ‘टंकी खाली है’ ऐकून आमचे सासरे टाकी बघायला जिना उतरून गेले होते.

भाऊ_ळकार: हिंदीचे लाड पुरेत. त्यांनी आमचा ‘ळ’ गिळला. एका ओळखपत्रावर मी काळेचा ‘काले’ झालोय, दोनदा हेलपाटे घातले.

शेवटचा_बाक: भाऊ, धागा ग्रीकांचा आहे.

भाऊ_ळकार: ज्याचं जळतं त्यालाच कळतं!

शेवटचा_बाक: दोन ‘ळ’ आले, आता शांत व्हा. चिंचगूळ, ‘ना’चं काय? ग्रीकमध्ये ‘ना!’ म्हणजे ‘हे बघ’, रशियनमध्ये ‘हे घे’. हाही योगायोग?

चिंचगूळ: मग आपलं ‘ये ना’सुद्धा मॉस्कोहून आलं असेल. एकाक्षरी शब्द कुठेही जुळतात. त्यापेक्षा ‘ता’ घ्यायचं होतंत. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनाचं उपपद, रशियनमध्ये ‘ती’. तिथे नातं खरं आहे.

शेवटचा_बाक: कबूल केलंत! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

चिंचगूळ: काढा. फक्त ते नातं हजारो वर्षांपूर्वीच्या आजीकडून, म्हणजे दोघींच्या मूळ भाषेकडून आलंय, शेजाऱ्याकडून नाही. आपले तो-ती-ते त्याच घरातले. मग मराठीही निम्मी रशियन म्हणा.

भाऊ_ळकार: रशियनमध्ये ‘ळ’ आहे का?