न्यूयॉर्कमधले वेस्ट इंडियन आणि अरब : कोणाचं बस्तान कसं बसलं?

सायली_पुणे

मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. सेमिनारसाठी स्थलांतरितांच्या दोन समाजांची तुलना करायची आहे, आणि मी न्यूयॉर्कमधले वेस्ट इंडियन आणि अरब निवडले. सुरुवात अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांच्यापासून झाली. १९७०च्या जनगणनेचे आकडे घेऊन त्यांनी १९७८मध्ये मांडलं होतं, की जमैका-बार्बाडोसकडून आलेल्या काळ्या कुटुंबांची कमाई अमेरिकेतल्या इतर काळ्या कुटुंबांपेक्षा बरीच जास्त आहे. मग सगळ्या गरिबीचं खापर वर्णभेदावर कसं फोडणार? अरबांचं शोधायला गेले, तर ते कुठे अमेरिकन सरासरीच्या वर दिसतात, कुठे फार खाली.

सर म्हणाले, "संस्कृतीवर लिही. बचत, शिक्षण, कुटुंब." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही. तिकडे राहणाऱ्या कोणी या लोकांना जवळून पाहिलं असेल तर सांगाल का? पुढे कोण आहे, आणि कशामुळे?

शुभदा_ब्रुकलिन

सायली, मी २२ वर्षं ब्रुकलिनमध्ये लोकांचे टॅक्सचे कागद भरते. माझं ऑफिस फ्लॅटबुशमध्ये चर्च ॲव्हेन्यूजवळ आहे, त्यामुळे येणारी माणसं बहुतेक जमैका, त्रिनिदाद, ग्रेनाडा, गयानाची. शनिवारी मी बे रिजला फिफ्थ ॲव्हेन्यूवर एका पॅलेस्टिनी हिशेबनिसाच्या जागेत बसते. तिथे येमेनी, पॅलेस्टिनी, थोडे इजिप्शियन येतात.

दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवले की फरक पहिल्या पानावरच दिसतो. फ्लॅटबुशची बाई पर्समधून दोन डब्ल्यू-टू, म्हणजे मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले, काढते. एक हॉस्पिटलच्या पगाराचा. दुसरा शनिवार-रविवारी म्हाताऱ्यांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करते, त्याचा. तिची युनियन आहे, आरोग्यविमा आहे, पेन्शन साठतंय. बे रिजचा माणूस टेबलावर पिशवी उपडी करतो : दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, सिगारेटच्या घाऊक व्यापाऱ्याची बिलं, विजेचं बिल. त्याला पगार देणारं कोणी नाही. गल्ल्यावर कधी तो, कधी भाऊ, कधी पुतण्या, आणि शाळा सुटली की मुलगा. दुकान रात्रभर उघडं असतं. घरच्या माणसांचे ते तास कुठल्याच कागदावर येत नाहीत.

आता तू तक्त्यात "कुटुंबाचं उत्पन्न" बघशील. पहिल्या घरात आई आणि मोठी मुलगी, दोघी कमावत्या. दुसऱ्या घरात कागदावर एक पुरुष कमावता आणि खाणारी सात तोंडं. एवढ्यावरून पहिले कष्टाळू आणि दुसरे मागे पडलेले म्हणणार का? मी दोघांचेही हात पाहिलेत. दोघांच्याही हातांना घट्टे आहेत.

हे असं का झालं, ते दोघं कुठल्या दारातून आत आले यावर आहे. १९५२च्या अमेरिकन कायद्यात प्रत्येक ब्रिटिश वसाहतीला वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. तिकडे ब्रिटनने १९६२मध्ये आपलं दार बरंचसं लोटून घेतलं. मग १९६५चा अमेरिकन कायदा आला आणि लोंढा लंडनऐवजी न्यूयॉर्ककडे वळला. इथल्या हॉस्पिटलांना परिचारिका हव्या होत्या. यांना इंग्रजी येत होतं, शिक्षण ब्रिटिश पद्धतीचं झालेलं. म्हणून कितीतरी घरांत बाई आधी आली, आणि मुलं काही वर्षं आजीकडे वाढली. फ्लॅटबुशच्या दुकानांतून अजूनही निळे बॅरल जहाजाने जातात. त्यांत तांदूळ, तेल, शाळेचे बूट भरलेले असतात. आपल्या कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची, तसंच आहे ते. जे विमानात बसू शकले ते मुळात शिकलेले, धडपडे होते. त्यांची तुलना मागे राहिलेल्या जमैकनांशी करायला हवी, ती सोवेल यांच्या मांडणीत नाही.

अरबांचं तर एक दार नाहीच. पहिले आले १८८०नंतर, लेबनॉनच्या डोंगरातून, बहुतेक ख्रिश्चन. मॅनहॅटनच्या टोकाला वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांची वस्ती होती. पाठीवर गाठोडं घेऊन सुया, लेस, जपमाळा गावोगाव विकायचे. १९४०च्या दशकात ब्रुकलिनला जाणाऱ्या बोगद्याच्या कामात ती वस्ती गेली. बरेच जण आधीच ॲटलांटिक ॲव्हेन्यूकडे सरकले होते. त्यांची पणतवंडं आज वकील-डॉक्टर आहेत, सरासरी वर नेतात ती त्यांची घरं. येमेनींचे मात्र पुरुषच कितीतरी वर्षं एकटे राहिले, पैसे येमेनमधल्या इब्बकडच्या गावी पाठवत. २०१५च्या फेब्रुवारीत सनातली अमेरिकन वकिलात बंद पडली, तेव्हा बायकामुलांना व्हिसासाठी जिबूतीला जावं लागलं. मग २०१७च्या जानेवारीत येमेनसह सात देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदीचा हुकूम आला. २ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमधल्या हजाराच्या आसपास येमेनी दुकानांनी शटर ओढलं. माझ्या घराजवळचं दुकान मी त्या दिवशी पहिल्यांदा बंद पाहिलं. त्याच्या शटरला मधल्या पट्टीपर्यंत गंज होता, कारण ते कधी पूर्ण खाली आलंच नव्हतं. लेबनॉनची ती चौथी पिढी आणि हा माणूस, दोघं एकाच रकान्यात "अरब".

सरांच्या "बचती"बद्दल. माझ्या एका त्रिनिदादी बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं, "मार्चमध्ये माझा सुसूचा हात येतोय, त्यावर कर लागतो का?" मला कळेना. त्यांनी समजावलं : वीस जणी, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, दर वेळी एकीला सगळी. मी उडालेच. ही तर भिशी! सातारला माझी आई बाराजणींची चालवायची. जमैकन त्याला पार्टनर म्हणतात, गयानी बॉक्स हँड, बार्बाडोसचे मीटिंग टर्न. कर लागत नाही; आपलेच पैसे आपल्याला परत. या भिशीच्या जोरावर गेल्या शतकात बार्बाडोसच्या बायकांनी ब्रुकलिनमध्ये घरं घेतली. बे रिजला भिशीसारखाच हातउसन्यांचा व्यवहार आहे : व्याज नको म्हणून मामा, चुलते, गाववाले मिळून दुकानाची पागडी भरतात, आणि फेडायला कागद लागत नाही. म्हणजे बचत दोघांकडे आहे. फरक पडतो तो त्या पैशाचं पुढे काय होतं यात.

इथे रंग येतो. १९१५मध्ये जॉर्ज डाऊ नावाच्या सीरियन माणसाला अपील कोर्टाने "गोरा" ठरवलं, म्हणून त्याला नागरिकत्व मिळालं. (आठ वर्षांनी पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने तेच नाकारलं. त्यांची बाजू लढवणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. आपल्या लोकांना हे माहीत असायला हवं.) वेस्ट इंडियन माणूस कितीही शिकलेला असो, तो काळाच. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्रुकलिनचं बेडफर्ड-स्टायव्हसंट लाल रंगाने रंगवलं गेलं, म्हणजे तिथे कर्ज देणं जोखमीचं. भिशीतून घर उभं राहिलं, पण वस्ती काळी म्हणून त्या घराची किंमत वाढायची तशी वाढली नाही.

२००६-०७मध्ये मी स्वतः पाहिलं. ईस्ट फ्लॅटबुशच्या एका नर्सबाईंना एका दलालाने घरावर नवं कर्ज घ्यायला लावलं. पहिली दोन वर्षं हप्ता कमी, पुढे भरमसाट. माझ्याकडे कागद आले तेव्हा सही होऊन गेली होती. १९ वर्षं फेडलेलं घर गेलं. त्या भागात, कॅनार्सीत, क्वीन्सच्या आग्नेय कोपऱ्यात तेव्हा रांगेने घरं जप्त झाली. त्या बाईंनी कधी उधळपट्टी केली नव्हती. दर रविवारी चर्चला जायच्या, मुलाला सिटी युनिव्हर्सिटीत शिकवलं. संस्कृतीत काय कमी होतं त्यांच्या?

मिलिंद_डिअरबॉर्न

शुभदाताई, छान लिहिलंत. मी मिशिगनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, १४ वर्षं डिअरबॉर्नमध्ये राहतो. सायलीने न्यूयॉर्कपुरतं पाहिलं तर अरबांचं चित्र दुकानांपुरतं राहील. इथे ते फोर्डच्या रूज कारखान्यात लागले, युनियनचे सभासद झाले, म्हणजे ताईंच्या भाषेत इथल्या अरबांकडे डब्ल्यू-टू होता. २०२०च्या जनगणनेत इथल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं मूळ मध्यपूर्वेतलं किंवा उत्तर आफ्रिकेतलं लिहिलं. २०२१मध्ये अब्दुल्ला हम्मूद महापौर निवडून आले. पण कारखान्याच्या धुरातल्या साउथ एंड भागात मुख्यतः येमेनी राहतात आणि पश्चिमेकडे मोठ्या घरांत लेबनीज. शहर एक, पण मधल्या रेल्वे रुळांनी आर्थिक स्थितीच बदलते.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. बायकांनी बाहेर काम करावं का, याबद्दल घरातली रीत असते, आणि ती नुसत्या व्हिसाने ठरत नाही. माझ्या शेजारच्या येमेनी घरातली सून शिक्षिका होती तिकडे. इथे तिने पाच वर्षं घराबाहेर नोकरी केली नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, सासूला नको होतं. ते मोजायचं नाही असं कसं?

शुभदा_ब्रुकलिन

मिलिंद, बरोबर आहे, मोजायचं. मी रागाच्या भरात ते सोडून दिलं. पण त्याच घरातल्या मुली आता काय करतात तेही बघ. माझ्या शनिवारच्या लोकांपैकी किमान सहा घरांत थोरली मुलगी फार्मसी किंवा नर्सिंग शिकते आहे, आणि हिजाब घालूनच ती बापाचा सगळा हिशेब मला समजावते. रीत एका पिढीत एवढी हलते, तर तिच्यावर सगळी तुलना उभी करू नये, एवढंच म्हणते.

अविनाश_जोशी_निवृत्त

मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षं त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला होतो. सायली, तुझा प्रश्न तिथे नेऊन बघ, पार उलटा होतो. कॅरिबियनमध्ये सीरियन-लेबनीज लोक १९०० सालच्या आगेमागे आले. त्यांनीही कापडाचं गाठोडं पाठीवर घेतलं, मळ्यांतल्या मजुरांना हप्त्यावर माल दिला. आज त्रिनिदादमध्ये ते लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, पण अन्सा मॅकॲलसारखा अवाढव्य उद्योगसमूह सीरियात जन्मलेल्या अँथनी सब्गा यांनी उभा केला. जमैकात १९८० ते १९८९ पंतप्रधान असलेले एडवर्ड सीगा लेबनीज वंशाचे. बेलीझचे माजी पंतप्रधान सईद मुसा पॅलेस्टिनी वंशाचे.

म्हणजे ज्या बेटांवर अरब मालक आणि वेस्ट इंडियन गिऱ्हाईक, तिथूनच निघालेली जमैकन नर्स ब्रुकलिनमध्ये येमेनी दुकानदारापेक्षा कागदावर वरचढ. माणसं तीच, फक्त समुद्र मध्ये आला. ब्रिटनने १८३३मध्ये गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना कर्ज. दुकान टाकायला लागणारं पहिलं भांडवल त्यांच्याकडे येणार कुठून? मळ्यांवर मग आपले भोजपुरी मजूर नेले. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ला लागलं. त्यांची पणतवंडं आज न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमध्ये फगवा (होळी) खेळतात, आणि तीही वेस्ट इंडियनच. त्यांना विसरू नकोस.

सायली_पुणे

शुभदाताई, मिलिंददादा, जोशीकाका, खूप आभार. आता मला कळलं की मी "समाज" हा एकच ठोकळा धरून बसले होते. सरांना प्रश्न बदलून दाखवणार आहे : आल्याचं वर्ष आणि कामाचा प्रकार सारखा ठेवला तर दोन समाजांत किती फरक उरतो? पण अरब मोजायचे कसे? जनगणनेत मूळ लिहिलं तरी ते गोऱ्यांतच धरले आहेत ना?

शुभदा_ब्रुकलिन

हो. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा रकाना करायचं २०२४च्या मार्चमध्ये ठरलं, तो तुझ्या जुन्या आकड्यांत सापडणार नाही. पण जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत पूर्वजांचं मूळ वेगळं विचारतात, तिथे लेबनीज, येमेनी, जमैकन असं लोकांनी स्वतः लिहिलेलं असतं. त्याच्या सुट्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. त्यांत जन्मदेश, आल्याचं वर्ष, पगारी की स्वतःचा धंदा, आठवड्याचे तास, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं आहे. अरब सगळे एकत्र करू नकोस. निदान लेबनीज आणि येमेनी वेगळे ठेव. रिचमंड हिलचे गयानी कधी वेस्ट इंडियन लिहितात, कधी इंडियन, म्हणून जन्मदेशही ताडून बघ.

पगारी नसलेल्या घरच्या माणसांसाठीही त्यात खूण आहे, पण लोक ती क्वचितच लावतात. दुकानावर बसणाऱ्या मुलाला कोणी विचारलं तर तो "शिकतो" म्हणतो. येमेनी उत्पन्नाला दरडोई भागशील तेव्हा ते ध्यानात ठेव. आणि सुरुवात बायकांच्या कामाच्या तासांपासून कर. आधी जमैकन, मग लेबनीज, मग येमेनी. तक्ता झाला की इथे टाक, मी माझ्या शनिवारच्या माणसांशी ताडून सांगते.