ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये क्लीन टोन कोंदट का होतो?

मंद्रसप्तक: माझी गिटार ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सर्व तारा नेहमीपेक्षा खाली आणि सर्वांत जाड तार सी स्वरावर उतरवून, लावलेली आहे. तिला दोन जास्त आउटपुटचे पॅसिव्ह हंबकर पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग) आहेत आणि ती ऑडिओ इंटरफेसमधून (गिटारचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीतून) लॅपटॉपवरील अ‍ॅम्पच्या सॉफ्टवेअरला जोडलेली आहे. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) समाधानकारक आहे. परंतु गाण्याच्या संथ सुरुवातीला क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, टोनमध्ये सुटे स्वर छेडले की खालच्या दोन तारांचा काला होतो, वरच्या तारा कानाला टोचतात आणि अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) शून्याजवळ असूनही पिक जोरात लागताच आवाज फाटतो. मी मिड (मधल्या पट्टीचा आवाज) जवळजवळ काढून टाकून बेस (खालच्या पट्टीचा आवाज) वाढवला आहे. काय चुकत असावे?

सोल्डरवाला: आवाज अ‍ॅम्पमध्ये नव्हे, त्याच्या आधीच फाटत असावा. सहावी तार मोकळी ठेवून जोरात छेडा आणि इंटरफेसचा लाल दिवा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याची खूण) पाहा. तो क्षणभर जरी लागला, तरी पुढे सॉफ्टवेअरमध्ये काहीही केले तरी तो फाटका आवाज दुरुस्त होणार नाही. इंटरफेसचा गेन उतरवा, नंतर पिकअपच्या जाड तारांकडील स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून ती बाजू तारांपासून दूर न्या. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणल्यानेही फरक पडतो. मात्र त्यासोबत ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) जातो, म्हणून व्हॉल्यूम पॉटवर (नॉबखालच्या भागावर) एक नॅनोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर लावून घेण्याची पद्धत आहे.

दोन स्पीकर: मिड काढण्याची सवय आधी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकट्याने वाजवताना भव्य वाटणारा तो टोन ड्रम आणि बेस गिटार सुरू होताच नाहीसा होतो. आपली सर्वांत खालची तार सुमारे 65 हर्ट्झवर आहे आणि तो प्रदेश बेस गिटारचा आहे. तेव्हा 100 हर्ट्झच्या खालचा भाग निःसंकोच कापा, 250 हर्ट्झच्या आसपास थोडे उतरवा आणि मिड मध्यावर आणा. दोन्ही पिकअप एकत्र चालतील अशी स्विचची मधली जागा येथे बहुधा उत्तम ठरते.

अ‍ॅम्पचे मॉडेल निवडताना रोलँड जेसी-120 आठवावा. 1975 मध्ये आलेला हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतो, आणि मेटॅलिका या मेटल बँडच्या जेम्स हेटफिल्ड यांनीही क्लीन भागांसाठी तो वापरला आहे. त्याच्या कोरसमध्ये (आवाज दुहेरी आणि तरंगता भासवणाऱ्या इफेक्टमध्ये) दोन बारा इंची स्पीकरपैकी एक मूळ आवाज देतो, दुसरा किंचित हेलकावणारा, आणि दोन्ही हवेतच मिसळतात. त्यामुळे कोरस स्टीरिओत लावा. मोनोत तो खोल केला, तर मात्र स्वर बेसूर वाटू लागतात.

मंद्रसप्तक: लाल दिवा खरोखरच लागत होता! गेन उतरवल्यावर आणि स्क्रूला दीड फेरा दिल्यावर पाचवी व सहावी तार वेगवेगळी ऐकू येऊ लागली. मिड वाढवल्यावर टोन एकट्याने ऐकताना अनाकर्षक वाटला, परंतु तालमीत तोच वर आला. कोरस तूर्त बंद आहे, कारण आमच्या ड्रमरला तो अजिबात सहन होत नाही.