राष्ट्राध्यक्ष कोणीही येवो, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला फरक पडत नाही म्हणे!

जर्सीकर
अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजूर करते, आणि ते तहहयात बसतात. निवडणुकीच्या धाग्यावर एका जाणकारांनी काल लिहिलं की 'आम्हाला निवडा, कोर्टात आपले न्यायाधीश बसवू' म्हणत मतं मागणं ही निव्वळ धूळफेक. पुरावा काय, तर रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवरने वॉरेनला नेमलं आणि रिपब्लिकनच थोरल्या बुशने सूटरला, दोघेही नंतर उदारमतवादी निघाले. तिथे लिहिता लिहिता उत्तर लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, वॉरेन १९५३ चा, सूटर १९९० चा. सूटरने हात पोळल्यावर तर रिपब्लिकन शहाणे झाले. 'पुन्हा सूटर नको' ही घोषणाच झाली त्यांची. आता उमेदवार फेडरलिस्ट सोसायटी या पुराणमतवादी वकिलांच्या संघटनेच्या चाळणीतून येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायाधीश स्कालिया गेले, ओबामांनी मार्चमध्ये त्यांच्या जागी गारलंडचं नाव दिलं. रिपब्लिकन नेते मॅकॉनेलच्या सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही. म्हणे वर्ष निवडणुकीचं आहे, जनतेला ठरवू द्या. २०२० मध्ये न्यायाधीश गिन्सबर्ग सप्टेंबरात गेल्या, तेव्हा मात्र मतदान आठ दिवसांवर असताना बॅरेट बाई मंजूर! गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट, तिघेही ट्रम्पने नेमलेले. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड' निकाल उलटवणाऱ्या पाच न्यायाधीशांत हे तिघेही होते. २०१६ मध्ये हिलरी आल्या असत्या तर हे झालं असतं का? उत्तर द्या, मग धूळफेक म्हणा.

सनदवाला
ते जाणकार मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

कार्टरला चार वर्षांत एकही जागा मिळाली नाही. निक्सनला पहिल्याच कारकिर्दीत चार. हा मतदारांचा कौल की यमराजाचा? आणि 'रो'चा १९७३ चा निकाल लिहिला कोणी? रिपब्लिकन निक्सननेच नेमलेल्या ब्लॅकमनने. जुनं नको म्हणत असाल तर नवं घ्या: २०१२ मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविमा कायदा, वाचवला धाकट्या बुशने नेमलेल्या सरन्यायाधीश रॉबर्ट्सने. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना त्या कारणावरून काढता येणार नाही हा २०२० चा निकाल लिहिला तुमच्या गोर्सचने. ट्रम्पचे तिघे बसलेले असताना डिसेंबर २०२० मध्ये बायडेन जिंकलेली निवडणूक उलटवायची टेक्सास राज्याची याचिका कोर्टाने दारातूनच परत पाठवली. न्यायाधीश म्हणजे कोणाचे घरगडी नव्हेत.

जर्सीकर
खुर्ची कधी रिकामी होणार हे यमराज ठरवेल, पण तिच्यावर कोण बसणार? आणि दर वेळी यमराजही लागत नाही. न्यायाधीश केनेडी २०१८ मध्ये निवृत्त झाले, रिपब्लिकन अध्यक्ष असताना. ब्रायर २०२२ मध्ये, बायडेन असताना. निवडणुकीचं गणित न्यायाधीशांनाच कळतं, तुम्हाला कळत नाही.

मीनल_डोंबिवली
सगळ्यांना कळतं, एका गिन्सबर्गबाईंना कळलं नाही! कॅन्सर होऊन गेलेला, २०१३ मध्ये वय ऐंशी, अध्यक्ष ओबामा, सिनेटही डेमोक्रॅटांच्या हातात. तेव्हा राजीनामा दिला असता तर आज ही रडारड नसती. आमच्या सोसायटीचे चेअरमन अस्सेच. वय ८१, कानाला यंत्र, पण चेकवर सही त्यांचीच. लिफ्ट पावसाळाभर बंद होती, कारण साहेब मुलीकडे बंगलोरला.

रानजाई
बाई म्हातारी झाली की लगेच 'जा आता घरी'. न्यायाधीश स्टीव्हन्स नव्वदीपर्यंत बसले होते, त्यांच्यावर कोणी धागे काढले का? न्यायाधीश थॉमस १९९१ पासून ठाण मांडून आहेत.

मीनल_डोंबिवली
बाईमाणसाचा प्रश्न नाही हो, खुर्चीचा आहे. स्टीव्हन्स गेले ते ओबामा असताना गेले, वेळ बघून. आपल्याकडे सुप्रीम कोर्टात कसं, पासष्ट झाली की नमस्कार.

खवचट_काका
नमस्कार आणि मग? सरन्यायाधीश गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर. पुढच्या खुर्चीची आशा असलेला न्यायाधीश बरा की मरेपर्यंत एकाच खुर्चीत निर्धास्त बसलेला? मला तर दुसरा परवडेल.

सनदवाला
काका, कॉलेजियमवर, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या आपल्या पद्धतीवर, वेगळा धागा काढा. आणि सोसायटीवर तिसरा.

खवचट_काका
का? १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, ते कोणाच्या मर्जीने? निवडून आलेल्या सरकारच्याच ना? आणीबाणीत सरकारविरोधी निकाल देणारे एकटे न्यायमूर्ती खन्ना १९७७ मध्ये असेच डावलले गेले. सरकारच्या हातात नेमणूक दिली की काय होतं ते आपण आधीच बघितलंय. अमेरिकेत हेच राजरोस चालतं, इतकंच.

एच१बी_बाबा
तुमचं चालू द्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पचा आदेश निघाला की आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर इथे जन्मलेलं मूल नागरिक नाही. बायकोला तेव्हा पाचवा महिना. खालच्या कोर्टांनी देशभर स्थगिती दिली म्हणून जरा झोप लागायला लागली, तर जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने अशी देशभर स्थगिती देण्यावरच बंधन घातलं. आदेश वैध की अवैध, ते तेव्हा ठरवलंच नाही. बाळ आठवड्याचं होतं. निकाल ६-३, आणि सहाही जण रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. सनदवाले, फरक पडत नाही हे माझ्या बायकोला फोन करून सांगाल का?

सनदवाला
बाळाला आशीर्वाद. पण तो प्रश्न स्थगितीच्या अधिकाराचा होता, नागरिकत्वाचा नव्हे. बायडेनच्या काळात अशाच स्थगितींवर डेमोक्रॅट बोंबलत होते.

जर्सीकर
म्हणजे ६-३ हा योगायोग?

सनदवाला
बरं बाबा, नाही योगायोग. अध्यक्षाने फरक पडतो, खूप पडतो, तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. पण कोणता न्यायाधीश कधी उलटेल हे कोणत्याही अध्यक्षाला सांगता येत नाही, यावरून मी हलणार नाही.

मीनलताई, सोसायटीच्या समितीची मुदत पाच वर्षांची असते. निवडणूक लावून घ्या.

मीनल_डोंबिवली
लावली होती. बिनविरोध आले.